नीतीचा तास

नीति शिकवितां येते काय, हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाहीं. गुरुगृहीं राहून विद्या संपादन करण्याच्या काळींही तो होता; आणि आजच्या विद्यापीठांत, जेथें तास संपला कीं एक शास्त्र मिटून दुसरें उघडावयाचें, तेथें तर तो अधिकच अवघड झाला आहे. त्यांतून ही नीति व्यापाराची. आणि व्यापारही आपल्या पेठेंतील ओळखीच्या दुकानदाराचा नव्हे, तर ज्यांचे कारखाने एका देशांत, गिऱ्हाइकें दुसऱ्या देशांत आणि भागधारक सगळ्या जगांत विखुरलेले, अशा बहुराष्ट्रीय कंपन्यांचा! या विषयाला तास आहेत, गुण आहेत आणि परीक्षाही आहे, हें ऐकून आमच्या पिढींतील पुष्कळांना हसूं येतें. मला तें येत नाहीं. कां येत नाहीं, तें सांगावें म्हणून हा लेख लिहिण्यास घेतला आहे.

मीं जन्मभर शाळेंत संस्कृत शिकविलें. माझें इंग्रजी शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें जें कांहीं पदरीं पडलें तें पाठशाळेंत शास्त्रीबोवांपुढें बसून. अर्थशास्त्राशीं माझा परिचय कौटिल्याच्या ग्रंथापुरता. असें असतां या विषयावर लेखणी उचलण्याचें कारण घरांतच आहे. आमची धाकटी सून विद्यापीठांत व्यवस्थापनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना व्यवसायनीति शिकविते. आमचें कुटुंब अजून एकत्र आहे. थोरले बंधु, ज्यांना सारें घर दादा म्हणतें, ते बँकेंतून निवृत्त झालेले. शिवाय वहिनी, मुलें, सुना आणि नातवंडें मिळून रात्रीं चौदा पानें मांडावीं लागतात. सूनबाईच्या तासांची तयारी पुष्कळदां या पंगतींतच होते, आणि तिचे पहिले टीकाकारही तेथेंच बसलेले असतात.

एकदां तिनें मला विचारलें, "अप्पा, 'सस्टेनेबिलिटी' या शब्दाला मराठींत नेमकें काय म्हणावें? सगळीकडे 'शाश्वत विकास' असें लिहितात. पण मुलांना तो शब्द पोकळ वाटतो." मला मुलांचें म्हणणें पटलें. शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाहीं असें. आणि कारखाना, नफा, बाजार यांपैकीं शाश्वत असें कांहींच नसतें. नॉर्वेच्या ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगानें १९८७ सालीं या कल्पनेची जी व्याख्या रूढ केली, तिचा आशय इतकाच कीं, आजच्या पिढीनें आपल्या गरजा अशा रीतीनें भागवाव्या कीं, पुढच्या पिढ्यांचें आपल्या गरजा भागविण्याचें सामर्थ्य खुंटूं नये. हा अर्थ अंतहीनतेचा नव्हे, धारण करण्याचा आहे. धृ धातूचा अर्थ धरून ठेवणें, पेलणें. पृथ्वीला आपण धरा म्हणतों ती या धातूवरून, आणि धर्म हा शब्दही त्याच धातूचा. मीं तिला 'धारणक्षम' हा शब्द सुचविला. दुसऱ्या दिवशीं तिनें तो फळ्यावर लिहिला आणि खालीं विद्यार्थ्यांसाठीं एकच प्रश्न लिहिला : "हें कोण पेलणार?"

या प्रश्नाचें उत्तर किती लांबवर जातें, हें तिनें भोपाळच्या उदाहरणानें दाखविलें. १९८४ च्या डिसेंबरांत, २ आणि ३ या तारखांच्या मधल्या रात्रीं, युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीच्या कारखान्यांतून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायु सुटला. या भारतीय कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग अमेरिकेंतील मूळ कंपनीच्या हातीं होते. विषारी द्रव्याची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा त्या रात्रीं बंद होती, आणि सुटलेला वायु जाळून टाकण्यासाठीं बांधलेला मनोराही निकामी होता. हजारों माणसें प्राणांस मुकलीं. १९८९ सालीं ४७ कोटि डॉलरांची तडजोड झाली आणि कंपनीच्या वह्यांतून प्रकरण मिटलें. परंतु कारखान्याच्या आवारांत पडून राहिलेला सुमारें ३३७ टन विषारी कचरा मिटला नाहीं. तो २०२५ च्या आरंभीं पीथमपूरला हलवून नंतर जाळण्यांत आला, आणि तेथील रहिवाशांनीं त्याला विरोध केला. एका बंद यंत्रणेचा हिशेब चाळीस वर्षांनीं दुसऱ्याच गांवांत, त्या रात्रीं जन्मालाही न आलेल्या मुलांच्या दाराशीं येऊन पोंचला! वर्गांतील विद्यार्थीही त्याच वयाचे. सूनबाई म्हणाली कीं, त्या तासाला कोणी घड्याळाकडे पाहिलें नाहीं.

दादांना मात्र हें सारें मान्य नसतें. त्यांनीं जन्मभर कर्जाचे कागद तपासले. उपदेशावर त्यांचा विश्वास नाहीं. ते म्हणाले, "कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. तिनें नफा मिळवावा, कर भरावा आणि कायदा पाळावा. उरलेलें पुण्य ज्यानें त्यानें आपल्या पैशानें जोडावें." त्यावर सूनबाईनें सांगितलें कीं, बहुतेक हेंच मत मिल्टन फ्रीडमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९७० सालीं एका गाजलेल्या लेखांत मांडलें होतें, आणि ती आपल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यांत तो लेख वाचावयास लावते. आपल्या बाजूला एवढा मोठा पंडित आहे हें ऐकून दादांनीं भाताचा आणखी एक वाढा घेतला. मग ती हळूच म्हणाली, "पण फ्रीडमन यांनींही अट घातली आहे, दादा. खेळाचे नियम पाळावे आणि फसवणूक करूं नये. आतां खेळणाराच पंचाला आपल्या बाजूला वळवूं लागला, तर काय करावयाचें?"

तिनें दिलेलें उदाहरण आम्हां महाराष्ट्रीयांच्या अंगणांतलें होतें. एन्रॉन ही अमेरिकन कंपनी १९९२ सालीं महाराष्ट्रांत आली आणि रत्नागिरी जिल्ह्यांत, गुहागर तालुक्यांत, दाभोळचा वीजप्रकल्प उभा राहूं लागला. १९९५ सालीं राज्यांत सरकार बदललें, करार रद्द झाला, आणि वाटाघाटी होऊन तो पुन्हां जोडला गेला. १९९९ सालीं पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. ती राज्य वीज मंडळाला इतकी महाग पडली कीं, २००१ सालीं प्रकल्पच थांबला. त्याच वर्षीं डिसेंबरांत मूळ कंपनीनें अमेरिकेंत दिवाळें जाहीर केलें. पुढें कधीं तरी होईल अशा नफ्याची आजच नोंद करावयाची आणि कर्जें दुसऱ्याच नांवांच्या संस्थांत दडवावयाचीं, असा तिच्या हिशेबांचा प्रकार उघडकीस आला. तिचे हिशेब तपासणारी आर्थर अँडरसन ही नामांकित पेढीही तिच्याबरोबर बुडाली.

येथवरची हकीगत दादांना पाठ होती. त्यांना ठाऊक नव्हतें तें पुढचें. याच कंपनीनें २००० सालीं आपल्या नोकरवर्गासाठीं नीतिनियमांचें ६४ पृष्ठांचें पुस्तक छापलें होतें. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता हीं चार तत्त्वें आपलीं म्हणून तिनें जाहीर केलीं होतीं. दादा खळखळून हसले. "मग माझाच मुद्दा सिद्ध झाला कीं! छापून कोणाच्या अंगीं नीति आली आहे?"

दादांचें हें वाक्य मी कित्येक दिवस मनांत घोळवीत होतों, कारण तो प्रश्न माझ्याही व्यवसायाचा आहे. सत्याची थोरवी सांगणारीं सुभाषितें घडाघडा म्हणून दाखविणारा मुलगा त्याच दुपारीं शेजाऱ्याच्या पाटीवरून गणित उतरवून घेतो, हें दृश्य कोणत्या शिक्षकानें पाहिलेलें नाहीं? त्यांत सुभाषिताचा दोष नसतो आणि मुलगाही दुष्ट नसतो. सुभाषित त्याला सत्य थोर आहे एवढें सांगतें. पण गणित न सुटणें, मार बसण्याचें भय आणि शेजाऱ्याची उघडी पाटी हीं तिन्हीं एके ठिकाणीं आलीं म्हणजे काय करावें, हें सांगत नाहीं. नीतीची खरी परीक्षा अशा कोपऱ्यांतच होते.

कौटिल्याला हें उत्तम ठाऊक होतें. राजाचे अधिकारी सज्जन असावेत, एवढें म्हणून तो थांबला नाहीं. सरकारी द्रव्याचा अपहार करण्याचे ४० प्रकार त्यानें मोजून दिले आहेत : आधीं वसूल झालेलें मागाहून मांडणें, थोडें आलेलें पुष्कळ दाखविणें, एकाकडून आलेलें दुसऱ्याच्या नांवावर लिहिणें, इत्यादि. थोडें आलेलें पुष्कळ दाखविण्याचा प्रकार दोन हजार वर्षांपूर्वीं ज्यानें नोंदवून ठेवला, त्याला एन्रॉनच्या वह्या पाहून आश्चर्य वाटलें नसतें. सांगावयाचें तात्पर्य, नीति शिकवावयाची असेल तर सद्गुणांची यादी पुरत नाहीं. वहीच्या नेमक्या कोणत्या ओळींत ती मोडते, तें दाखवावें लागतें.

आपल्या कायद्यानेंही अलीकडे थोडी वाट काढली आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानें, ठराविक मर्यादेपलीकडच्या मोठ्या कंपन्यांनीं आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्यापैकीं २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी असें ठरलें. १ एप्रिल २०१४ पासून तें अंमलांत आलें. शिवाय शेअरबाजारांतील पहिल्या १,००० कंपन्यांनीं पाणी, वीज, कचरा आणि कामगार यांविषयींची माहिती दरसाल प्रसिद्ध करावी, असें सेबीनें २०२२-२३ पासून बंधनकारक केलें. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु सूनबाई म्हणते कीं, विद्यार्थी उत्तरपत्रिकेंत या २ टक्क्यांवर पानेंच्या पानें लिहितात, कारण शाळेला संगणक दिला, झाडें लाविलीं, हें लिहिणें सोपें असतें. उरलेले ९८ टक्के कोणत्या मार्गानें मिळाले, हा प्रश्न मात्र मोकळा राहतो. आणि तिच्या मतें विषय तेथूनच सुरू होतो.

गेल्या पावसाळ्यांत मीं तिच्या संमतीनें वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसून एक तास ऐकला. विषय होता राणा प्लाझा. बांगला देशांत ढाक्याजवळ सावर येथें ही आठ मजली इमारत होती; वरचे मजले परवानगीवांचून चढविलेले, आणि आंत कपडे शिवण्याचे पांच कारखाने. तेथें शिवलेले कपडे युरोप-अमेरिकेंतील दुकानांत जात. २३ एप्रिल २०१३ रोजीं भिंतींना मोठे तडे गेलेले दिसले. खालच्या मजल्यावरील बँकेनें आपल्या माणसांना बाहेर काढलें. शिवणकाम करणाऱ्या बायकांना मात्र दुसऱ्या दिवशीं कामावर बोलाविण्यांत आलें. न आल्यास पगार बुडेल अशी धमकी मिळाल्याचें वांचलेल्यांनीं पुढें सांगितलें. २४ तारखेस सकाळीं वीज गेली, वरच्या मजल्यांवरचीं मोठीं जनित्रें सुरू झालीं, आणि थोड्याच वेळांत इमारत कोसळली. १,१३४ माणसें मेलीं.

सूनबाईनें यावर व्याख्यान दिलें नाहीं. तिनें चार विद्यार्थ्यांना पुढें बोलाविलें आणि एकाला इमारतीचा मालक, दुसऱ्याला कारखान्याचा व्यवस्थापक, तिसऱ्याला परदेशी कंपनीचा खरेदी अधिकारी आणि एका मुलीला शिलाईकाम करणारी बाई केलें. प्रत्येकानें २३ तारखेच्या संध्याकाळीं आपण काय केलें असतें तें सांगावयाचें. मालकानें दोष व्यवस्थापकावर टाकला. व्यवस्थापक म्हणाला, "माल वेळेवर गेला नाहीं तर दंड मला भरावा लागतो, आणि पुढचें काम दुसऱ्या देशांत जातें." मग पाळी आली खरेदी अधिकाऱ्याची. तो मुलगा हुशार होता, खांदे उडवून म्हणाला, "माझा यांत काय संबंध? मी हजारों मैलांवर आहें. मीं फक्त तारीख दिली."

वर्गांत कोणी हसलें, आणि लगेच थांबलें. सूनबाईनें तें वाक्य फळ्यावर लिहिलें आणि शिलाईवालीकडे वळून विचारलें, "तुझें काय म्हणणें?" ती मुलगी बराच वेळ गप्प होती. शेवटीं म्हणाली, "मला कोणी विचारलेंच नाहीं." मीं इतकीं वर्षें शिकविण्यांत घालविलीं आहेत; पण एवढ्या थोड्या शब्दांत एवढा मोठा पाठ झालेला मीं क्वचितच पाहिला. व्यापार जितका दूरचा, तितकी कर्म करणाऱ्याची आणि फळ भोगणाऱ्याची गांठ पडत नाहीं. कोणी तारीख देतो, कोणी भाव पाडतो, कोणी कुलूप लावतो, आणि पाप वांटून इतकें लहान होतें कीं कोणालाच आपल्या वांट्याचें दिसत नाहीं. त्या दुर्घटनेनंतर २०० हून अधिक कंपन्यांनीं इमारतींच्या सुरक्षिततेसाठीं कायद्यानें बांधून घेणारा करार केला, कारखान्यांची तपासणी झाली, पुष्कळ ठिकाणीं दुरुस्त्या झाल्या. हेंही तिनें सांगितलें. म्हणजे दुरून कांहीं करतां येत नाहीं, हा बहाणाही टिकणारा नाहीं.

तास संपतां संपतां मागच्या बाकावरून एक मुलगा उठला. "मॅडम, आम्ही नाहीं म्हटलें तर आमच्या जागीं दुसरा कोणी होय म्हणेल. मग आमच्या नाहीं म्हणण्याचा उपयोग काय?" प्रश्न प्रामाणिक होता. तिनें त्याला फोक्सवागेनची गोष्ट सांगितली. या जर्मन कंपनीनें आपल्या डिझेलच्या मोटारींत अशी युक्ति केली होती कीं, तपासणीच्या वेळीं धूर स्वच्छ निघावा आणि रस्त्यावर मात्र विषारी वायु कित्येक पटींनीं अधिक सुटावा. जगभरांतील सुमारें १ कोटि १० लाख मोटारींत ही लबाडी होती. ती प्रथम मोजली ती अमेरिकेंतील वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका लहानशा प्रयोगशाळेनें, आणि मोजणाऱ्यांत तरुण भारतीय संशोधकही होते. मोटारी त्यांनीं तपासणीच्या दालनाबाहेर, रस्त्यावर चालवून पाहिल्या. २०१५ च्या सप्टेंबरांत सारें उघडकीस आलें. "एका माणसाच्या खऱ्या मोजमापाचा उपयोग काय, हें त्याला त्या दिवशीं कळत नाहीं," ती म्हणाली, "पण खोटें लिहिलें तर पुढच्या माणसाला दुरुस्त करण्यासारखें कांहीं उरतच नाहीं."

घरीं परत येतांना मला तैत्तिरीय उपनिषदांतील शीक्षावल्लीची आठवण झाली. तेथें विद्या पूर्ण झालेल्या शिष्याला आचार्य निरोप देतात. त्या निरोपांत सत्य आणि धर्म यांची आज्ञा आहे, हें सर्वांना ठाऊक असतें. पण त्यापुढें दोन गोष्टी आहेत, त्यांकडे लक्ष जात नाहीं. आचार्य सांगतात कीं, आमचीं जीं चांगलीं आचरणें असतील तेवढींच घे, इतर घेऊं नको. आणि कसें वागावें याविषयीं शंका येईल तेव्हां, त्या ठिकाणीं जीं विचारी, कोमल मनाचीं, धर्मप्रिय माणसें असतील तीं जशीं वागतील तसा वाग. गुरु पुढच्या प्रत्येक प्रसंगाचें उत्तर आधींच देत नाहीं. तो शिष्याला जवळच्या माणसांकडे पाठवितो. मग माझ्या मनांत आलें कीं, विद्यापीठांतून बाहेर पडून परदेशी कंपनींत शिरणाऱ्या आजच्या मुलाला शंका आली, तर त्याच्या जवळचीं माणसें कोण? अर्थात् आपणच.

या विचाराची प्रचीति आमच्या घरांतच आली. दादांचा धाकटा मुलगा एका परदेशी कंपनीच्या खरेदी विभागांत आहे. पदवीच्या अभ्यासांत त्याला हाच विषय होता, आणि गुणही उत्तम मिळाले होते. कंपनीला माल पुरविणाऱ्या लहान कारखान्यांना भेट देऊन छापील प्रश्नपत्रिका भरणें, हा त्याच्या कामाचा एक भाग. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर तो माझ्या खोलीशीं येऊन उभा राहिला. "काका, एक व्याकरणाचा प्रश्न आहे. 'सांडपाणी शुद्ध करणारें यंत्र बसविलेलें आहे', हें वाक्य खरें कीं खोटें?"

चौकशी केली तेव्हां हकीगत कळली. धातूच्या भागांना मुलामा देणाऱ्या एका कारखान्यांत त्यानें यंत्र पाहिलें होतें. पण त्यावर धुळीचा थर होता, आणि मागच्या बाजूनें एक नळी थेट ओढ्यांत सोडलेली होती. प्रश्नपत्रिकेंत प्रश्न होता, सांडपाणी शुद्ध केलें जातें काय? वरिष्ठ म्हणाले, "यंत्र बसविलेलें आहे, असें लिही. त्यांत खोटें कांहींच नाहीं. महिनाअखेर माल जावयाचा आहे." मीं त्याला सांगितलें, "वाक्य खरें आहे, उत्तर खोटें आहे." तो म्हणाला, "तें मलाही कळतें, काका. मला भीति वाटते ती वेगळीच." त्याची भीति काय होती, तें त्याला सांगावें लागलें नाहीं. त्यानें वर्षापूर्वींच घरासाठीं कर्ज काढलें होतें.

आम्ही दोघे माजघरांत गेलों. दादांनीं सारें ऐकून घेतलें आणि प्रथम विचारलें तें हेंच : "हप्ता किती?" सूनबाई कांहीं बोलणार, इतक्यांत वहिनींनीं विचारलें, "त्या ओढ्याच्या काठीं कोणी राहतें का रे?" तो म्हणाला, "वस्ती आहे. विहीरही आहे." वहिनी एवढेंच म्हणाल्या, "मग यांत विचारावयाचें तें काय? जें पाहिलेंस तें लिही." दादा उठले. मला वाटलें, रागावले. पण ते वही आणि चष्मा घेऊन परत आले. आपल्या निवृत्तिवेतनाचा, माझ्या निवृत्तिवेतनाचा आणि सुनांच्या पगारांचा त्यांनीं हिशेब मांडला, घराच्या रंगाचें काम खोडलें, नव्या मोटारीचा बेत खोडला, आणि बेरीज करून म्हणाले, "नोकरी गेलीच तर सात महिने हें घर तुझा हप्ता पेलील. तेवढ्यांत दुसरी मिळेल. लिही, तारीख घाल, आणि एक प्रत आपल्याजवळ ठेव." त्या रात्रीं दादांनीं नीतीविषयीं एक शब्दही काढला नाहीं, फ्रीडमन यांचाही उल्लेख केला नाहीं.

मुलानें पाहिलें तसें लिहिलें. नोकरी गेली नाहीं. वरिष्ठ कांहीं दिवस बोलेनासे झाले, माल थोडा उशीरां गेला, आणि कारखान्याला सुधारणेसाठीं मुदत मिळाली. पुढच्या भेटींत यंत्र चालू होतें. त्या वर्षींची बढती मात्र दुसऱ्याला मिळाली. ही गोष्ट फार मोठ्या विजयाची नव्हे, आणि मी ती तशी सांगतही नाहीं. एका ओढ्याचें पाणी थोडें बरें झालें, आणि एका मुलाला एक वर्ष थांबावें लागलें. परंतु त्याला त्या विषयांत मिळालेले उत्तम गुण आणि त्यानें लिहिलेली ती एक ओळ, यांच्या मध्यें दादांची हिशेबाची वही होती, हें मला विसरतां येत नाहीं.

म्हणून विद्यापीठांत नीति शिकवून काय उपयोग, असें जेव्हां कोणी विचारतो, तेव्हां मी म्हणतों कीं उपयोग आहे, पण निम्मा. प्रश्न कोठें लपलेला असतो, तो कसा ओळखावा, लेखी नोंद कशी ठेवावी, तक्रार कोणाकडे करावी, एकट्यानें न लढतां इतरांना बरोबर कसें घ्यावें, हें सारें वर्गांत शिकवितां येतें, आणि तें शिकविलेंच पाहिजे. तें न शिकलेल्या मुलाला धुळीचा थर दिसलाच नसता. परंतु दिसलेलें लिहिण्याचें बळ अभ्यासक्रमांत घालतां येत नाहीं. तें घरून यावें लागतें. आणि येथें न्यायाची एक गोष्ट बोलली पाहिजे. ज्या घरांत महिनाअखेरीस धान्याचा डबा रिकामा होतो, त्या घरच्या मुलाकडून हें धैर्य मागण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. त्याच्यासाठीं कायदा आणि संघटना हव्यात. पण ज्या घरांत दोन-तीन निवृत्तिवेतनें येतात, एकाच्या पडत्या काळांत दुसरा उभा राहतो, त्या सुशिक्षित एकत्र कुटुंबांवर हें कर्तव्य इतरांहून अधिक आहे.

आतां आपण काय करतों तें पाहावें. स्थळ पाहतांना आपण विचारतों : मुलगा कोणत्या कंपनींत, वर्षाला पगार किती, परदेशीं जाण्याचा योग केव्हां. सुटींत मुलगा घरीं आला कीं विचारतों : बढती झाली का? या प्रश्नांत वाईट कांहीं नाहीं. पण मुलें आपले प्रश्न ऐकून आपली परीक्षा ओळखतात, आणि त्या परीक्षेचीच तयारी करतात. त्यांत आणखी एका प्रश्नाची भर घालावयास काय हरकत आहे? तुझ्या कंपनीचा माल कोण बनवितें, आणि तेथून निघणारें पाणी कोठें जातें, एवढेंच विचारावें. पहिल्या दिवशीं तो हसेल. पुढच्या खेपेस उत्तर शोधून येईल.

आणि दुसरी गोष्ट, जी दादांनीं आतां आमच्या घराचा नियमच करून टाकली आहे. आजारपणासाठीं आणि लग्नकार्यासाठीं आपण जशी शिल्लक राखून ठेवतों, तशी कांहीं महिन्यांच्या हप्त्यांची शिल्लक ते वेगळी ठेवतात. तिला त्यांनीं वहींत कोणतेंही भारदस्त नांव दिलेलें नाहीं. 'नोकरीखातें' एवढेंच लिहिलें आहे. घरांतील ज्या कोणाला आपल्या कचेरींत एखादे दिवशीं नाहीं म्हणावें लागेल, त्याच्यासाठीं तें आहे. परवां सूनबाईनें विचारलें, "दादा, या खात्याची गोष्ट मी वर्गांत सांगूं का?" दादा म्हणाले, "खुशाल सांग. पण रकमेचा आंकडा मात्र सांगूं नको!"